चौदा कोरडे दिवस

माणूस आणि जनावर यांच्यात फरक आहे तो फक्त स्वच्छतेचा. ज्या दिवशी माणसानं पहिल्यांदा अंग धुतलं, त्या दिवशी जगाचा इतिहास सुरू झाला. हे वाक्य धुलाईचा मालक दर हंगामाच्या पहिल्या सकाळी एका पालथ्या क्रेटवर उभा राहून म्हणत असे. क्रेटवर अशासाठी, की खाली घोटाभर चिखल असायचा आणि त्याचे बूट नवे असायचे.

धुलाई म्हणजे गाजरं धुण्याचं आवार. चार हौद, एक पत्र्याची शेड, निवडीचा एक ओटा आणि कोपऱ्यात एक संडास. संडास चांगला पक्का, पांढऱ्या फरशीचा. बायकांनी वापरला तर घाण होईल म्हणून त्याला कुलूप होतं. सहा वर्षं झाली, पण फरशी अजून नवीच्या नवी होती. बायका पहाटे घरून उरकून यायच्या आणि दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. मांडीभर पाण्यात दिवसभर उभं राहून तहानलेलं राहणं ही कला त्यांना साधली होती.

काम सोपं होतं. ट्रॉली हौदाच्या कडेला उलटायची, गाजरं पाण्यात पडायची. हौदावर आडवा बांबू बांधलेला, त्याला धरून आठ बायका ओळीनं उभ्या राहायच्या आणि पायाला तागाचं पोतं गुंडाळून गाजरं तुडवायच्या. पण यंदा ऐन काढणीच्या तोंडावर अवेळी पाऊस लागला आणि चिकट काळी माती गाजराला सोडेना. बाजारातून दोन गाड्या परत आल्या तसं मालकानं फर्मान काढलं, गाजर दोनदा धुवायचं. दिवस काही दोनदा उगवत नव्हता, त्यामुळे बायकांना अंधार पडेपर्यंत थांबावं लागे.

दुसऱ्या हौदावर बांबूच्या टोकाला जी उभी असायची, तिला सगळे चुळबुळी म्हणत. तिचं नाव काहीतरी चांगलं होतं, पण ते आता फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं.

"काय गं, परकरात मासा शिरला का?" शेजारची जाडी म्हणाली. जाडी खरोखर जाड होती आणि तोंडाला तिच्या कुलूप नव्हतं.

"पायाला पेटका आलाय."

"पेटका पायाला येतो. तू हलतेस कंबरेतून."

बांबूवरच्या सगळ्याजणी हसल्या. काठावर उभा असलेला मुकादमही हसला. "नाचायचं असेल तर तालात नाच. गाजरं तरी निघतील."

चुळबुळी पण हसली. हसताना बांबू घट्ट धरता येतो. मांड्या एकमेकींवर दाबून ती उभी राहिली, पण पाण्याखाली जे पेटलं होतं ते पाण्यानं विझत नव्हतं. थोड्या वेळानं ती वर चढली, रिकाम्या क्रेटच्या ढिगामागं गेली आणि ओल्या कपड्यावरूनच मूठ दाबून दात खात उभी राहिली. परत आली तर मुकादम बोटं मोजत होता.

"आज तिसऱ्यांदा वर आलीस. हौदात उभं राहायला बायका रांगेत आहेत, एवढं लक्षात ठेव."

हंगाम सुरू झाल्यापासून हे तिचं चौथं दुखणं. खाज, आग, कपड्याला लागणारं पाणी आणि त्याचा वास. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा.

घरी सासूकडे यावर औषध होतं. सासू म्हणजे धुलाईतलं मोठं प्रस्थ. सव्वीस वर्षं हौदात काढलेली बाई; तिच्यासारखे भरभर पाय कुणाचे चालले नाहीत, असं मालकाचे वडील सांगून गेले होते. आता गुडघे गेल्यावर तिला निवडीच्या ओट्यावर जागा मिळाली होती. हौदाचं पाणी कुबट होऊ नये म्हणून त्यात एक पांढरी पावडर टाकत. तिची एक पुडी सासू घरच्या डब्यात ठेवायची. चिमूटभर पावडर, कोमट पाणी, आणि आतपर्यंत धुऊन घ्यायचं.

"झोंबतं हो, आई."

"झोंबतं म्हणजे गुण येतोय. गाजर उजळतं, तर बाईला काय धाड भरलीय?"

धुणाऱ्या बायका त्या. घाण दिसली की घासायचं, नाही निघाली की आणखी घासायचं, एवढंच त्यांना कुणीतरी शिकवलेलं; आणि गाजराच्या बाबतीत ते खरंही होतं. चुळबुळी जितकं धुवायची तितकं खाजायचं, आणि जितकं खाजायचं तितकं ती धुवायची.

दर गुरुवारी शाळेमागच्या खोलीत एक नर्सबाई बसत. चुळबुळी एका गुरुवारी अर्धा दिवस बुडवून गेली. बाईंनी तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला, मोठ्या दवाखान्यात पाठवला आणि पुढच्या गुरुवारी बोलावलं. त्या गुरुवारी बाईंचा आवाज चढलेला होता.

"आतून काय लावतेस?"

"काही नाही."

"मागच्या वेळी मला वास आला होता."

"…चिमूटभर पावडर. हौदाची."

"अगं, टाक्या धुवायची पावडर ती!"

"गाजराला चालते, म्हणून…"

"तू गाजर आहेस का?"

चुळबुळी विचारात पडली. धुलाईत हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता.

"हे बघ," नर्सबाई म्हणाल्या, "आतून धुवायचंच नाही. पावडर नाही, साबण नाही, पाणीसुद्धा नाही. बाहेरून साध्या पाण्यानं, बस्स. आतली जागा आपली आपण साफ राहते."

"आपली आपण?"

"आपली आपण."

चुळबुळीला हे काही पटेना. आपली आपण साफ राहणारी एकही वस्तू तिनं घरात पाहिली नव्हती. पण नर्सबाईंनी मेजावर गोळ्यांची दोन पाकिटं ठेवली, तेव्हा ती सावरून बसली.

"एक तुझं, एक नवऱ्याचं. त्याला काही होत नसलं तरी त्यानं घ्यायच्या, नाहीतर तू बरी होशील आणि त्याच्याकडून परत घेशील. सात दिवस, एकही चुकवायची नाही. तेवढे दिवस दारू नाही. दोघांच्या संपेपर्यंत जवळ जायचं नाही. आतले कपडे सुती, आणि उन्हात वाळवलेले, दुसऱ्या कपड्याखाली लपवलेले नाहीत. आणि ओल्या कपड्यात राहायचं नाही. आत सगळं सोलवटलंय तुझं, त्याला भरून यायला वेळ दे. चौदा दिवस तरी कोरडी राहा."

"बाई, मी हौदात असते."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. या खोलीत त्यांना अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांचं सगळं ज्ञान नेमकं या वाक्याशी येऊन संपत असे.

"मग कोरडं काम माग," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

धुलाईत कोरडी जागा एकच, निवडीचा ओटा. त्यावर पाच बायका बसायच्या आणि गुडघे गेल्याशिवाय तिथं कुणी चढत नसे. पाचातली एक जागा घरातलीच होती.

सासू मोरीत भांडी घासत होती, तेव्हा चुळबुळीनं विषय काढला.

"माझी जागा?" सासूचा हात थांबला. "सव्वीस वर्षं पाण्यात कुजले तेव्हा ती जागा मिळाली. तुझी सात नाही झाली!"

"चौदाच दिवस, आई."

"आमच्या वेळी नव्हती असली थेरं."

"तुम्हाला कधीच झालं नाही?"

सासूनं घासलेलंच भांडं पुन्हा घासायला घेतलं. "नाही म्हटलं ना," ती म्हणाली. चुळबुळीनं विचारलं एकदाच होतं.

नवरा ट्रॉली चालवायचा. स्वभावानं चांगला. बायकोवर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. तिची चुळबूळ सुरू झाली की कूस बदलून घोरायला लागायचा, एवढं समजूतदारपण त्याच्यात होतं.

"मला कशाला गोळ्या? मी ठणठणीत आहे."

"नर्सबाईंनी सांगितलंय."

"त्या बाईला काय कळतं पुरुषाचं?" पण त्यानं एक गोळी तिच्यासमोर तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्यायला आणि तोंड उघडून दाखवलं. "बघ. पोटात गेली. आता खूश? बाकीच्या दुपारच्या डब्याबरोबर घेईन." पाकीट त्यानं ट्रॅक्टरच्या पान्यांच्या पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू ओट्याकडे गेली नाही. तिनं कपडे खोचले, पायाला पोतं गुंडाळलं आणि बांबूला धरून दुसऱ्या हौदात उतरली. पाणी मांडीला लागलं तसा तिच्या तोंडातून एक आवाज आला. पुढं तिनं तो खोकला असल्याचं ठरवलं.

"म्हातारे, वाट चुकलीस का?" मुकादम ओरडला.

"गुडघे आखडलेत. गार पाण्यानं मोकळे होतात म्हणे. चौदा दिवस माझ्या जागी सून बसेल."

"असं कुठं असतं?"

"तू धुलाईत आलास तेव्हा तुला क्रेट उचलायचं कुणी शिकवलं रे?"

मुकादमानं डोकं खाजवलं. त्याला डोकं होतं आणि ते तो हवं तेव्हा, चारचौघांत खाजवू शकत होता. "चौदाच," तो म्हणाला. म्हातारी अजून दोघींचं तुडवते, हे तोवर त्याच्या ध्यानात आलं होतं.

ओट्यावर चुळबुळीला पहिल्या दिवशी काही सुचेना. कपडे अंगाला चिकटत नव्हते. हातात छोटा सुरा, पुढ्यात धुतलेला ढीग. शेंडा उडवायचा, सरळ गाजर डावीकडे, मोडकं उजवीकडे. दोन पाय फुटलेलं गाजर मागं फेकायचं. ते बाजारात चालत नसे, कारण त्याच्या दुबेळक्यात माती अडकते आणि कितीही धुतली तरी निघत नाही.

दुपारी जाडी हौदातून वर आली आणि तसलं एक गाजर उचलून नाचवायला लागली. "ही बघ, आपल्यातली! दोन पाय आहेत म्हणून मालकानं नापास केली!"

सगळ्या हसल्या. चुळबुळी खो खो हसली. हसताना तिला काही घट्ट धरावं लागलं नाही, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

ती गोळ्या वेळेवर घेत होती. पावडरीच्या डब्याला हात लावत नव्हती. आतले कपडे तिनं मागच्या दोरीवर, उघड्या उन्हात टाकले. सासूनं त्यावर टॉवेल टाकला. तिनं तो काढला. सासूनं परत टाकला. शेवटी टॉवेल अर्धा सरकवलेला राहिला आणि दोघींनीही त्यावर तडजोड मान्य केली. रोज संध्याकाळी ती नवऱ्याला विचारायची, "घेतली?" आणि तो म्हणायचा, "घेतली, घेतली."

पाचव्या दिवशी आग थांबली. सहाव्या दिवशी ती एका जागी इतका वेळ बसून राहिली, की पायाला मुंग्या आल्या. तिला त्या मुंग्यांचंसुद्धा कौतुक वाटलं.

"आता तुला म्हणायचं तरी काय?" जाडीनं विचारलं. "गप्प बसायला लागलीस तर नावच उरलं नाही तुला."

"नाव आहे मला."

"काय गं?"

चुळबुळीनं सांगितलं. जाडीनं ते दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिलं. "चांगलं आहे की. चौदा दिवस भरू देत, मग हाक मारते."

सातव्या दिवशी दुसऱ्या हौदात गडबड उडाली. म्हातारी रंगात आली होती. पाय असे चालत होते, की पाणी काठावर उडत होतं. बायका तुडवायच्या थांबून बघत राहिल्या. मालक मुद्दाम शेडमधून बाहेर आला. "याला म्हणतात जुनं हाड," तो म्हणाला. "वडील सांगायचे ते खोटं नव्हतं."

ओट्यावरून चुळबुळी बघत होती. बाकीच्यांना पाय दिसत होते. तिला कंबर दिसत होती.

संध्याकाळी मोरीत सासू पाय धूत होती. चुळबुळी तिच्या मागं उभी राहिली.

"आई, तुम्हालापण आहे."

"काय आहे?"

"मला दिसतं ना ते."

सासूनं बराच वेळ पायावर पाणी ओतलं. तांब्या रिकामा झाला तरी ती तो वाकडा धरून होती. "मी भरभर तुडवायची म्हणून माझं कौतुक व्हायचं," ती म्हणाली. "कौतुक कसलं? उभं राहवत नव्हतं गं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी? सासूशी? पावडर तिनंच दाखवली." तिनं तांब्या खाली ठेवला. "ओट्यावर बसल्यापासून कमी होतं. आता पाणी लागलं, की पुन्हा उठलं."

"गुरुवारी चला माझ्याबरोबर."

"या वयात? तिथं पाय वर करून पडू? लोक विचारतील, म्हातारीला काय झालं. तुझे सात गेले, सात राहिले. तेवढे नीट मोज. माझ्याच्यानं त्याच्या वर एक होणार नाही, सांगून ठेवते."

चुळबुळीनं मोजले. दिवस मोजायला तिनं भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या. सातव्या रेघेला गोळ्या संपल्या, तिच्या आणि तिच्या हिशेबानं नवऱ्याच्याही. आणखी तीन दिवस तिनं त्याला दूर ठेवलं. दहाव्या रेघेला तो जवळ आला. त्या रात्री काही दुखलं नाही, ही गोष्ट इतकी नवी होती, की ती जराशी रडली. नवऱ्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्यानं बिचाऱ्यानं माफी मागितली.

तेराव्या दिवशी दुपारी ती शेंडे उडवत होती, तेव्हा काहीतरी चावलं. मुंगी असेल, असं तिनं ठरवलं. तिनं बसण्याची बाजू बदलली. मुंगीनंही बदलली. तिनं आणखी चार गाजरं कापली, एक सरळ गाजर मोडक्यांत टाकलं, आणि पुन्हा बाजू बदलली.

जाडी समोरच्या बांबूवरून बघत होती. ती काहीच बोलली नाही. जाडी बोलली नाही, तेव्हा चुळबुळीला कळलं की मुंगी नाही.

संध्याकाळी ट्रॉलीची पिन अडकली. नवरा खाली चाकाशी आडवा पडला होता. "अगं, पेटीतला मोठा पाना दे," तो म्हणाला. तिनं पेटी उघडली. पान्याखाली, ग्रीसच्या फडक्यात नीट गुंडाळलेलं पाकीट होतं. एक खण फाटलेला, सहा भरलेले.

ती पाकीट धरून उभी राहिली. नवरा चाकाखालून डोकावला.

"तुम्ही घेतल्या म्हणालात."

"एक घेतली की तुझ्यासमोर! काही झालं नाही मला. मग म्हटलं, मी धडधाकट माणूस, उगाच चांगल्या गोळ्या का वाया घालवा? त्यातून गाडीवरची पोरं बसतात संध्याकाळी, घोटभर घ्यावी लागते. नर्सबाईनंच सांगितलं ना, दोन्ही एकत्र नाही?" त्याच्या चेहऱ्यावर ग्रीस होतं आणि लबाडी अजिबात नव्हती. "तुझ्यासाठीच जपून ठेवल्यात. पुढच्या वेळी उपयोगी पडतील."

चुळबुळीनं पाना दिला. पिन निघाली.

चौदावी रेघ तिनं ओढली नाही. तरी चौदा दिवस भरले, आणि पंधराव्या सकाळी सासू ओट्याकडे निघाली. तिच्या पोटऱ्या सुजल्या होत्या आणि पायांची कातडी भिजल्या कागदासारखी पांढरी पडली होती. तिच्या जागेवर मालकाची कोणीतरी चुलत मेव्हणी सुरा घेऊन बसली होती.

"तुझे गुडघे मोकळे झाले ना?" मुकादम म्हणाला. "मालकच म्हणाले, असं हाड ओट्यावर बसवणं म्हणजे पाप. तू आपली हौदातच."

"आणि सून?"

"तीपण. एकाच घरच्या, ताल चांगला जुळेल."

सासूनं मुकादमाकडे पाहिलं, मग ओट्याकडे, मग कुलूप लावलेल्या संडासाकडे. मग खाली बसून पायाला पोतं गुंडाळायला लागली. गाठ तिला बसेना. सुनेनं ती बांधून दिली.

दिवसभर दोघी एका बांबूला धरून होत्या. काळी माती सोडत नव्हती. दुपारी मालक बाहेर आला, त्यानं दोघींची कंबर बघितली, म्हणजे त्याला पाय बघितल्यासारखं वाटलं, आणि तो इतर बायकांना म्हणाला, "शिका जरा." जाडीनं मान खाली घातली. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "चुळबुळे, जरा सरक. म्हातारीला टोक दे. टोकाला असलं की वर चढायला सोपं जातं."

तिला नाव होतं हे जाडी विसरली नव्हती. चुळबूळ न करता चौदा दिवस भरले नव्हते, एवढंच.

घरी आल्यावर सासूनं चुलीवर पाणी ठेवलं. मग डबा काढला.

"नर्सबाई नको म्हणाल्यात, आई."

"नर्सबाई खुर्चीत बसतात."

"सोलवटलंय म्हणाल्या आत."

"ठाऊक आहे मला. सोलवटलं की निदान खाजत तरी नाही तासभर." सासूनं डबा उघडला नाही, पण परतही ठेवला नाही. तो मांडीवर घेऊन ती बसली. सुनेनं सहा गोळ्यांचं पाकीट कनवटीतून काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि फळीवर ठेवलं. दोघी चुलीसमोर उभ्या-बसल्या चुळबुळत राहिल्या, एक पाय, दुसरा पाय. एकीचा थांबला की दुसरीचा सुरू. दोरीवरचे कपडे अजून आत आणायचे होते आणि आभाळ भरून आलं होतं. पाण्याला आधण यायला लागलं.

बाहेर ओसरीत नवरा गाडीवरच्या दोघांना घेऊन बसला होता. हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. तेवढ्यात त्यानं हाक मारली.

"अगं ए! जरा बाहेर ये. केव्हाची पाठ खाजतेय, माझा हात पोचत नाही. थोडी खाजवून दे."